नॉरिस वकिलातीचा पत्रव्यवहार

इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याने औरंगजेब बादशाहाकडे पाठविलेला वकील सर विल्यम नॉरिस (सु. १६५७–१० ऑक्टोबर १७०२) याच्या वकिलातीशी संबंधित राजकीय पत्रे, अर्ज, खलिते व रोजनिशी. इंग्लंडच्या इतिहासातील उत्तर-स्टुअर्ट काळ, भारतातील दोन इंग्रज कंपन्यांची स्पर्धा आणि औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेचा उत्तरार्ध या तिन्ही विषयांचे हे एक महत्त्वाचे साधन होय. सोलापूर जिल्ह्यातील भीमाकाठची ब्रह्मपुरी आणि कोल्हापूरजवळचा पन्हाळा ही या पत्रव्यवहारातील दोन प्रमुख स्थळे. वकिलात निष्फळ ठरली. तथापि ती का निष्फळ ठरली, हे या कागदांवरून स्पष्टपणे कळते आणि त्यातच त्यांचे मूल्य आहे.

उत्तर-स्टुअर्ट काळातील राजकीय पत्रे : दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला, तेव्हापासून १७१४ मध्ये ॲन राणीचा मृत्यू होईपर्यंतचा काळ उत्तर-स्टुअर्ट काळ म्हणून ओळखला जातो. १६८८ च्या रक्तहीन क्रांतीनंतर संसदेची अधिवेशने दरवर्षी भरू लागली आणि व्हिग व टोरी या दोन पक्षांची चढाओढ ही राज्यकारभारातील नित्याची बाब झाली. वृत्तपत्रे त्या काळी बाल्यावस्थेत होती आणि संसदेतील भाषणे प्रसिद्ध करण्यास बंदी होती. त्यामुळे राजधानीपासून दूर असलेल्या मुत्सद्द्यांना राजकारणाची खबर मुख्यतः खाजगी पत्रांतूनच मिळे. राजाचा सचिव जेम्स व्हर्नन याने ड्यूक ऑफ श्रूझबरी यास लिहिलेली पत्रे या प्रकारच्या पत्रव्यवहाराचा उत्तम नमुना होत. १६९६ ते १७०८ या काळातील ही पत्रे १८४१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. संसदेतील मतदान, मंत्र्यांचे रुसवे-फुगवे, कंपनीचे भांडण आणि चाच्यांचे खटले हे सर्व विषय त्यांत एकापाठोपाठ येतात. पुढील शतकात हिंगणे वकिलांनी दिल्लीहून पेशव्यांस लिहिलेल्या पत्रांशी त्यांची तुलना करता येईल. दोहोंत दरबारातील अफवा आणि राज्याचे हित यांची सरमिसळ आढळते आणि दोहोंत पत्रलेखक स्वतःही त्या राजकारणातील एक प्यादे असतो.

नॉरिसची पत्रे याच परंपरेतील असली, तरी त्यांत एक मोठा फरक आहे. व्हर्ननचे पत्र दोन-चार दिवसांत पोहोचत असे. नॉरिसच्या पत्रास इंग्लंडला पोहोचण्यास सहा महिने ते वर्ष लागे. उत्तर येईपर्यंत ज्याला लिहिले तो अधिकारी, ज्यासंबंधी लिहिले ते धोरण आणि ज्याच्या नावाने लिहिले तो राजा यांपैकी काहीही बदललेले असू शकत होते आणि या वकिलातीच्या बाबतीत तसेच घडले.

पार्श्वभूमी : पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा १६१५ ते १६१९ या काळात जहांगीरच्या दरबारी होता. त्यानंतर ऐंशी वर्षे इंग्लंडच्या राजाचा अधिकृत वकील मोगल दरबारी आला नाही. मधल्या काळात मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने दुसऱ्या चार्ल्सला मिळाले व १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. कंपनीने १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेनला रायगडावर पाठवून शिवाजी महाराजांशी तह केला. पुढे १६८६ मध्ये कंपनीने मोगलांशी युद्ध आरंभिले. सिद्दी याकूतखानाने मुंबईला वेढा दिल्यावर १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड भरून कंपनीला बादशाहाची क्षमा मागावी लागली. या प्रसंगाने इंग्रजांच्या आरमारी सामर्थ्याची जमिनीवरील मर्यादा उघड झाली.

त्यानंतरच्या दशकात दोन घटनांमुळे परिस्थिती अधिक बिकट झाली. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून यात्रेकरू घेऊन परतणारे गंज-इ-सवाई हे बादशाहाचे जहाज लुटले. या प्रकाराने बादशाह संतप्त झाला आणि सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना कैदेत टाकण्यात आले. १६९८ च्या आरंभी विल्यम किड याने केदाह मर्चंट हे जहाज पकडले. किडला चाच्यांचाच बंदोबस्त करण्यासाठी राजाच्या सनदेनिशी धाडण्यात आले होते आणि त्याच्या मोहिमेत व्हिग पक्षाच्या प्रमुख सरदारांनी पैसा गुंतविला होता. त्यांत श्रूझबरीही होता. समुद्रातील लूट थांबविण्याची हमी म्हणून मोगल अधिकाऱ्यांनी इंग्रज, डच व फ्रेंच या तिन्ही व्यापाऱ्यांकडून मुचलके घेतले.

दुसरी घटना लंडनमध्ये घडली. फ्रान्सबरोबरच्या युद्धामुळे कर्जबाजारी झालेल्या सरकारला पैसा हवा होता. अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू याच्या पुढाकाराने सरकारला वीस लक्ष पौंड कर्ज देणाऱ्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद देण्याचे ठरले आणि सप्टेंबर १६९८ मध्ये नवी इंग्लिश कंपनी स्थापन झाली. जुन्या लंडन कंपनीला आपला कारभार आटोपण्यासाठी मुदत देण्यात आली. तिने नव्या कंपनीच्या कर्जात ३,१५,००० पौंड भरून आपला पाय रोवून ठेवला. अशा रीतीने सुरत, मद्रास आणि बंगाल येथे एकाच राजाच्या प्रजाजनांच्या दोन कंपन्या परस्परांच्या वैरी म्हणून उभ्या राहिल्या. नव्या कंपनीला मोगल प्रदेशात व्यापार करण्यासाठी बादशाही फर्माने हवी होती. ती मिळविण्यासाठी राजाच्या नावाने व कंपनीच्या खर्चाने वकील पाठविण्याचे ठरले.

नॉरिस : विल्यम नॉरिस हा लँकेशरमधील स्पीक येथील जुन्या जमीनदार घराण्यातील होता. त्याचे शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत व केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. १६९५ पासून १७०१ पर्यंत तो लिव्हरपूलचा संसदसदस्य होता व व्हिग पक्षात गणला जाई. डिसेंबर १६९८ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि वार्षिक दोन हजार पौंड वेतनावर वकील म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याचा भाऊ एडवर्ड हा वकिलातीचा चिटणीस होता. दुसरा भाऊ रिचर्ड हा १७०० मध्ये लिव्हरपूलचा महापौर झाला व पुढे तेथून संसदेवर निवडून आला. या घराण्याची लिव्हरपूलच्या राजकारणासंबंधीची पत्रे टॉमस हेवूड याने संपादित केली व चेटम सोसायटीने ती १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. मीठ, तंबाखू, बंदराचे जकात-हक्क व निवडणुका हे त्या पत्रांचे विषय. औरंगजेबाच्या छावणीत शिरलेला मुत्सद्दी कोणत्या वातावरणात वाढला होता, हे या घरगुती पत्रांवरून समजते. व्यापार म्हणजे संसदेत झगडून मिळवायचा हक्क, अशी त्याची धारणा होती. मोगल बादशाहीत मात्र व्यापाराची सवलत ही बादशाहाची कृपा समजली जाई.

मच्छलीपट्टण व सुरत : नॉरिस सप्टेंबर १६९९ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील मच्छलीपट्टण येथे उतरला. तेथे नव्या कंपनीचा प्रतिनिधी जॉन पिट होता. बंगालमध्ये सर एडवर्ड लिटल्टन व सुरतेत सर निकोलस वेट हे प्रतिनिधी होते. तिघांचे आपापसांत व वकिलाशी पटेना. मच्छलीपट्टणहून बादशाही छावणीकडे जाण्यासाठी वाहने, जनावरे व दस्तके मिळविण्याच्या खटपटीत सुमारे एक वर्ष वाया गेले. मद्रासचा जुन्या कंपनीचा गव्हर्नर टॉमस पिट हा जॉन पिटचा नातलग होता. त्याने आपल्या मालकांचा हुकूम नसल्यामुळे नॉरिसचा अधिकार मानण्यास नकार दिला. या काळातील पत्रांत मोगल बादशाहापेक्षा इंग्रज प्रतिस्पर्धीच अधिक वेळा शत्रू म्हणून येतात.

शेवटी मच्छलीपट्टणचा मार्ग सोडून नॉरिस समुद्रमार्गे निघाला व डिसेंबर १७०० मध्ये सुरतेस पोहोचला. तेथे वेटने त्याच्यासाठी एक अडचण आधीच निर्माण करून ठेवली होती. जुनी कंपनी चाच्यांना सामील असल्याचा आरोप करून, नवी कंपनी समुद्रावरील चाचेगिरीचा बंदोबस्त करील, असे आश्वासन त्याने मोगल अधिकाऱ्यांना दिले होते. वेटच्या तक्रारींचा परिणाम म्हणून जुन्या कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर याला १७०१ च्या आरंभी सुरतेत अटक झाली. प्रतिस्पर्ध्याला अडकविण्यासाठी दिलेले हे वचन पुढे वकिलालाच भोवले.

ब्रह्मपुरी : जानेवारी १७०१ च्या अखेरीस नॉरिसने सुरत सोडली. त्याच्याबरोबर साठ यूरोपीय व तीनशे हिंदी माणसे होती. तो मार्च महिन्यात ब्रह्मपुरीला आला. हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यात भीमेच्या तीरावर, माचणूरजवळ आहे. औरंगजेबाने १६९५ मध्ये येथे तळ दिला व गावाला इस्लामपुरी असे नाव ठेवले. ऑक्टोबर १६९९ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे, मोगल साम्राज्याचा कारभार या ठिकाणाहून चालला. माचणूरचा किल्ला हा या काळाची आठवण देतो. नॉरिस मच्छलीपट्टणला उतरला, त्यानंतर थोड्याच दिवसांत बादशाह मराठ्यांचे किल्ले घेण्यासाठी स्वतः ब्रह्मपुरीहून बाहेर पडला. साताऱ्याचा किल्ला एप्रिल १७०० मध्ये आणि त्यानंतर परळी त्याच्या हाती आली. ब्रह्मपुरीच्या छावणीत जनानखाना, जड सामान व मुलकी कारभाराचा मोठा भाग मागे राहिला होता. या सर्वांवर वझीर असदखान याची नेमणूक होती.

वकिलाने प्रथम वझिराची भेट घेणे हा दरबारी रिवाज होता. तथापि राजाचा प्रतिनिधी या नात्याने आपण ढोल-कर्णे वाजवीत भेटीस येऊ, असा नॉरिसने आग्रह धरला. वझिराच्या डेऱ्याजवळ बाहेरच्या वकिलाने वाद्ये वाजविणे हा त्याच्या दर्जाचा उपमर्द ठरला असता. म्हणून त्यास परवानगी मिळाली नाही. काही काळ निरोपांची देवघेव झाल्यावर नॉरिस वझिराला न भेटताच पन्हाळ्याकडे निघाला. साम्राज्याच्या कारभाराचा प्रमुख अशा प्रकारे अकारण दुखावला गेला. अनेक लेखकांनी वकिलातीच्या अपयशाचे खापर या मानापमानावर फोडले आहे. मात्र पत्रांतील पुढील मजकूर पाहता हे कारण दुय्यम ठरते. बादशाही भेट नाकारली गेली नाही. अडचण आली ती भेटीनंतरच्या वाटाघाटींत.

पन्हाळा : एप्रिल १७०१ मध्ये नॉरिस पन्हाळ्याच्या पायथ्याशी पसरलेल्या बादशाही छावणीत पोहोचला. किल्ल्याला मार्चपासून वेढा पडला होता. राजाराम महाराजांचे मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाले होते आणि महाराणी ताराबाईंनी अल्पवयीन शिवाजीच्या नावाने राज्याची सूत्रे हाती घेतली होती. २८ एप्रिल १७०१ रोजी नॉरिसची औरंगजेबाशी भेट झाली. तिच्या वेळच्या मिरवणुकीचे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे. गाड्यांवर घातलेल्या पितळी तोफा, बनाती कापडाचे गठ्ठे, काचसामान व आरसे, साज चढविलेले अरबी घोडे, इंग्लंडच्या राजाची निशाणे आणि अखेरीस पालखीतून वकील असा तिचा क्रम होता. राजाचे पत्र चिटणीस एडवर्ड नॉरिस याच्याकडे होते. एका डोंगरी किल्ल्याच्या वेढ्यात गुंतलेल्या, ऐंशी वर्षे ओलांडलेल्या बादशाहापुढे हा सोहळा झाला. महिनाभराने, २८ मे रोजी, किल्लेदार त्रिंबक याला पैसा देऊन मोगलांनी पन्हाळा ताब्यात घेतला.

नॉरिसने सुरत, बंगाल व मच्छलीपट्टण येथील वखारींसाठी फर्माने मागितली. आरंभी दरबाराचा कल अनुकूल दिसला. लवकरच एक अट पुढे आली : मक्केच्या यात्रेकरूंच्या व सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांचे चाच्यांपासून रक्षण करण्याची आणि झालेले नुकसान भरून देण्याची लेखी हमी इंग्रजांनी द्यावी. वेटने दिलेले आश्वासन दरबाराला ठाऊक होते. नॉरिसने अशी हमी देण्यास नकार दिला. एवढ्या अफाट समुद्राची जबाबदारी घेण्याचा अधिकार त्याला नव्हता व ती पाळण्याची शक्ती नव्या कंपनीजवळ नव्हती. दरम्यान जुन्या कंपनीचे हस्तक दरबारात पैसा खर्च करून नवी कंपनी खोटी असल्याचे पसरवीत होते. खरी कंपनी कोणती, हा प्रश्न बादशाहापुढे गेला. हमी द्यायची नसल्यास वकिलाला आल्या वाटेने परत जाण्यास मुभा आहे, अशा आशयाचे उत्तर अखेर मिळाले.

लंडनमध्ये याच सुमारास घडत असलेल्या घटना ध्यानात घेतल्यास या वाटाघाटींतील विसंगती स्पष्ट होते. पन्हाळ्याच्या छावणीत नॉरिस चाचेगिरीचा दोष इंग्लंडच्या राज्यावर नाही असे सांगत होता, तेव्हा लंडनमध्ये किडवर खटला चालू होता. २३ मे १७०१ रोजी किडला फाशी देण्यात आले. राजाच्या सनदेने निघालेला माणूसच चाचा ठरला होता आणि त्याच्या पाठीराख्या व्हिग मंत्र्यांवर टोरी पक्षाने संसदेत महाभियोग आणला होता. नव्या कंपनीचा प्रवर्तक माँटेग्यूही त्यातून सुटला नाही. हे वृत्त नॉरिसपर्यंत वेळीच पोहोचणे शक्य नव्हते. इंग्लंडमध्ये त्याचा पक्ष कमकुवत होत होता, तर छावणीत तो त्याच पक्षाच्या सामर्थ्यावर विसंबून बोलत होता.

परतीचा प्रवास : नॉरिसने ५ नोव्हेंबर १७०१ रोजी छावणी सोडली. बादशाहाचा रीतसर निरोप न घेता निघाल्यामुळे त्याला वाटेत ब्रह्मपुरीच्या परिसरात अडविण्यात आले. पुढे इंग्लंडच्या राजासाठी बादशाहाचे पत्र व एक तलवार त्याच्या स्वाधीन करण्यात आली. फर्मान मात्र मिळाले नाही. मार्च १७०२ मध्ये तो सुरतेस परतला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये तिसरा विल्यम मरण पावला आणि ॲन राणी गादीवर आली. व्हर्ननलाही त्या वर्षी आपले पद सोडावे लागले. दोन्ही कंपन्यांनी एकत्र येण्याचा करारही १७०२ मध्येच केला. ज्या राजाने पाठविले तो राजा, ज्या सचिवाच्या काळात नेमणूक झाली तो सचिव आणि ज्या स्पर्धेसाठी ही वकिलात निघाली ती स्पर्धा, या सर्वांचा शेवट वकील घरी पोहोचण्यापूर्वीच झाला. नॉरिस स्वतःही पोहोचला नाही. परतीच्या प्रवासात आजारी पडून १० ऑक्टोबर १७०२ रोजी तो सेंट हेलेना बेटाच्या अलीकडे समुद्रावरच मरण पावला.

पत्रांचे स्वरूप : या पत्रव्यवहाराचे तीन थर पाडता येतात. पहिला थर इंग्लंडला पाठविलेल्या वृत्तान्तांचा आहे. ते जपून लिहिलेले असून त्यांत वकील आपल्या कृतीचे समर्थन करताना दिसतो. दुसरा थर कंपनीच्या प्रतिनिधींशी झालेल्या पत्रापत्रीचा. त्यात राग, संशय व पैशांचे हिशेब आढळतात. तिसरा थर मोगल अधिकाऱ्यांशी झालेल्या व्यवहाराचा आहे व त्याचे माध्यम फार्सी होते. नॉरिसला फार्सी येत नसल्याने हा व्यवहार दुभाष्यांमार्फत चाले. बादशाहाचे ते फर्मान, शाहजाद्याचे ते निशाण आणि वझिराच्या शिक्क्याचे ते हस्ब-उल-हुक्म अथवा परवाना, असा मोगल लेखनपद्धतीचा दंडक होता. प्रजेने अथवा व्यापाऱ्याने बादशाहाला लिहावयाची ती अर्जदास्त. इंग्लंडच्या राजाचे पत्र यांपैकी कशातच बसत नव्हते. ते बरोबरीच्या नात्याने लिहिलेले होते आणि मोगल दरबाराच्या दृष्टीने मागणी मात्र व्यापाऱ्याची होती.

पत्रे छावणीतून सुरतेकडे कासिदांच्या हाती जात व तेथून जहाजाने इंग्लंडला जात. जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्याने वर्षातील ठराविक महिन्यांतच ती सुटत. पत्र गहाळ होण्याच्या भीतीने त्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जहाजांनी पाठविण्याची पद्धत होती. पत्रांवरील तारखा ज्यूलियन कालगणनेनुसार आहेत. मार्च १७०० नंतर ती ग्रेगरियन कालगणनेच्या अकरा दिवस मागे होती. शिवाय इंग्लंडमध्ये कायद्याने वर्षारंभ २५ मार्च रोजी होत असल्याने जानेवारी १७०१ मधील पत्रावर १७०० हे वर्ष आढळते. मोगल अखबारांतील हिजरी तारखा व मराठी कागदांतील शक यांच्याशी या पत्रांचा मेळ घालताना हे दोन्ही फरक विचारात घ्यावे लागतात.

स्थलनामांचीही अशीच अडचण आहे. पन्हाळ्याचे रूप ‘पर्नेला’ असे होते; त्यामागे पर्णाल हे त्या गडाचे जुने नाव असावे. ब्रह्मपुरीचे ‘ब्रॅम्पोर’ असे रूप जुन्या इंग्रजी ग्रंथांत येते व त्यामुळे खानदेशातील बुऱ्हाणपूरशी घोटाळा होण्याचा संभव असतो. नॉरिसचे मुक्काम सुरत ते पन्हाळा या मार्गावर लावून पाहिले आणि असदखान १६९९ पासून भीमेच्या तळावर होता हे लक्षात घेतले, म्हणजे प्रस्तुत स्थळ सोलापूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच होय, याविषयी शंका राहत नाही.

नॉरिसची हस्तलिखित रोजनिशी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील रॉलिन्सन संग्रहात आहे. या सामग्रीच्या आधारे हरिहर दास यांनी लिहिलेला वकिलातीचा इतिहास १९५९ मध्ये कलकत्ता येथे प्रसिद्ध झाला. मद्रासला स्थायिक झालेला इटालियन लेखक निकोलाव मनुची यानेही आपल्या ग्रंथात या वकिलातीची दखल घेतली आहे.

ऐतिहासिक मूल्य : मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून या कागदांना मर्यादा आहेत. नॉरिस मोगल छावणीत होता. गडावरील मराठ्यांची बाजू त्याला दिसली नाही व मराठी राज्याच्या कारभाराशी त्याचा संबंध आला नाही. आकडे व वार्ता त्याने ऐकीव माहितीवरून दिल्या. त्यामुळे मराठी कागद, अखबार व फार्सी तवारिखा यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज त्याचा मजकूर स्वीकारता येत नाही. असे असले, तरी एका बाबतीत या कागदांची साक्ष मोलाची आहे. साम्राज्याची राजधानी डोंगरपायथ्याच्या चिखलात तंबू ठोकून बसली आहे, वझीर एका ठिकाणी व बादशाह दुसऱ्या ठिकाणी आहे आणि एका फर्मानासाठी परक्या वकिलाला त्या दोहोंच्या मध्ये फिरावे लागत आहे, हे चित्र त्यांतून मिळते. औरंगजेबाला दख्खनमध्ये गुंतवून ठेवण्यात मराठ्यांना किती यश आले होते, याचे हे अप्रत्यक्ष प्रमाण होय.

या पत्रव्यवहारातून पुढे येणारा मुख्य प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. नॉरिस राजाच्या नावाने बोलत होता, परंतु जुनी कंपनी त्याची नव्हती, वेटचे वचन त्याचे नव्हते आणि चाचेही त्याचे नव्हते. बादशाहाच्या दृष्टीने मात्र हे सर्व एकाच राजाचे टोपीकर होते. जो राजाचा मान मागतो त्याने त्या राजाच्या प्रजेच्या गुन्ह्याची भरपाई द्यावी, ही मोगलांची मागणी अवाजवी नव्हती. नॉरिसने ती नाकारली, हेही त्याच्या अधिकाराच्या मर्यादेत योग्यच होते. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे तडजोडीला जागा उरली नाही.

या अनुभवाचा उपयोग पुढे इंग्रजांनी करून घेतला. दोन्ही कंपन्यांचे एकीकरण १७०९ पर्यंत पूर्ण झाले. एकत्रित कंपनीची जॉन सरमन याच्या नेतृत्वाखालील वकिलात १७१४ मध्ये दिल्लीकडे निघाली व १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशाहाकडून तिने फर्माने मिळविली. ही वकिलात राजाच्या नव्हे, तर कंपनीच्या नावाने गेली होती. मानापमानाचा आग्रह तिने धरला नाही. मराठी राज्यात या प्रश्नाचे मर्म याच सुमारास ओळखले गेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या व १७१५–१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे प्रत्येकी एक राजा आहे व त्यांना किनाऱ्यावर बळकट जागा देऊ नये, असा इशारा दिलेला आहे. अमात्यांच्या कारभाराचे क्षेत्र पन्हाळा व त्याचा परिसर हेच होते. ज्या डोंगराच्या पायथ्याशी इंग्लंडच्या राजाचा वकील रिक्त हस्ताने परतला, त्याच प्रदेशातील एका मुत्सद्द्याने व्यापारी आणि राजा यांतील हा संबंध मोगल दरबारापेक्षा अधिक नेमकेपणाने मांडला.